गिळायचा चहा

"चहाच्या इतिहासात आजवर दोनच मोठ्या घटना घडल्या," कादंबरी शहाणे म्हणाल्या. "एक, चहाचा शोध. दुसरी, आजचा दिवस." टाळ्या झाल्या. त्या विरल्यावर मागून कुणीतरी हळूच कळवलं की टँकर आलेला नाही आणि अख्ख्या इमारतीत पाण्याचा थेंब नाही. मग इतिहास पाऊण तास थांबला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचे जार आल्यावर पुन्हा सुरू झाला.

कादंबरीबाई बाणेरच्या एका चहा कंपनीच्या संचालक होत्या, आणि हेरंब टिपणीस हे तिथले चहापारखी. टेबलावर दोन गोष्टी मांडल्या होत्या. एक, कंपनीनं नुकतंच घेतलेलं जिव्हायंत्र: चहात नळी बुडवली की त्यातला एकेक घटक ओळखून नावानिशी सांगणारं, वर कसलाही पगार न मागणारं. आणि दुसरा तो चहा. चीनच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगरात, जिथं चहाची झुडपं नसून झाडं असतात, शिडी लावून चढावं लागेल अशी, आणि वयानं कुठल्याही घराण्यापेक्षा थोरली, तिथून तो आला होता. चिनी लोक त्याला लाल चहा म्हणतात, बाकीचं जग काळा म्हणतं. कपात तो काकवीसारखा दिसत होता.

टिपणिसांनी चमचा भरला आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा सुर्रर्र आवाज करत ओढला. चहा असा हवेबरोबर ओढला तरच जिभेच्या कानाकोपऱ्यात आणि वर नाकापर्यंत पोचतो. हे शास्त्र आहे, पण घरी त्यावर बंदी आहे. त्यांनी तो तोंडात घोळवला आणि शेजारच्या पितळी भांड्यात थुंकला. उभ्या नोकरीत त्यांनी कामावरचा चहा गिळला नव्हता. दिवसाला शेकडो कप गिळणारा माणूस पारखी राहत नाही, पेशंट होतो.

"भाजलेलं रताळं," ते म्हणाले. "मागून मध. आणि तोंड रिकामं झाल्यावर घशाशी परत येणारा गोडवा. उत्तम."

जिव्हायंत्रानंही तेच सांगितलं, फक्त शे-सव्वाशे नावं घेऊन. शेवटी एक घटक मात्र त्याला ओळखता आला नाही. पडद्यावर उमटलं: 'अज्ञात. भरपूर.'

टिपणिसांना त्यात नवल वाटलं नाही. झाडाला पळता येत नाही. किडीनं चावा घेतला, मुळं सुकली, की ते पानातला रस बदलतं आणि तो वास शेजारच्या झाडांना इशारा देतो. काही चहांची मधाळ चव तर किडीच्या चाव्यामुळेच येते. आपण जिला गोडी म्हणतो ती झाडाची बोंब असते, असं त्यांनी मागे एका परिषदेत म्हटलं होतं. कुणी हसलं नव्हतं.

त्यांनी पसंतीची सही केली. मग सगळ्या कर्मचाऱ्यांना एकेक कप मिळाला, आणि ते धंद्यात मुरलेले नसल्यामुळे त्यांनी तो गिळला.

दुपारपर्यंत कार्यालयात कुणी बसेना. तक्रार कुणाचीच नव्हती. उठायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे, खुर्चीकडे पाहायचे आणि पुन्हा उठायचे. कंपनीच्या डॉक्टरांनी नाड्या पाहिल्या, त्या ठीक होत्या. एरवी दीड तास चालणारी बैठक उभ्या उभ्या दहा मिनिटांत संपली, आणि कादंबरीबाईंचे डोळे चकाकले. देश बसून बसून बिघडलाय, त्या म्हणाल्या. या चहाचं नाव चैतन्य ठेवायचं आणि उद्याच बाजारात आणायचा.

टिपणिसांना मात्र एका गोष्टीनं बेचैन केलं. लिफ्ट सारखी वरच चालली होती. ते जिन्यानं गच्चीवर गेले, तर हिशेबखातं रणरणत्या उन्हात डबे उघडून बसलेलं. पोंक्षेबाई, ज्या एरवी पंख्याखालची जागा कुणाला देत नसत, त्या पाण्याच्या टाकीला टेकून भेंडी खात होत्या.

टिपणिसांनी विचारलं, इथं का?

"काही नाही हो, खाली कसंतरी होतं."

"कसंतरी म्हणजे?"

पोंक्षेबाईंनी घास तसाच धरला. "पायाखालची फरशी आपली वाटत नाही," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच ओशाळल्या.

टिपणीस खाली आले ते थेट फोनकडे. कारण तो चहा ज्या दरीतून आला होता, त्या दरीत त्यांची मुलगी राहत होती. ईशानी कंपनीची तिथली खरेदीदार. पाला वाळवायच्या पत्र्याच्या शेडमागच्या दोन खोल्यांत, जुन्या झाडांच्या बरोबर खाली तिचं बिऱ्हाड. पण आधी त्यांनी बागेच्या मालकीणबाई, लुओआजी, यांना गाठलं. मध्ये दुभाषी यंत्र होतं. त्याला मराठी शिकवताना सरकारी परिपत्रकं फुकट मिळाली होती, त्यामुळे ते तशीच मराठी बोलायचं.

त्यांनी विचारलं, झाडांना कीड लागली का? पलीकडे आजीबाई बराच वेळ बोलल्या. मग यंत्र म्हणालं, "सदर झाडांस कीड नाही. झाडांखालील जमीन अस्वस्थ असल्याचे झाडांकडून कळविण्यात आल्याने समस्त ग्रामस्थ वरील कड्यावर राहावयास गेले आहेत."

"झाडांनी कसं कळवलं?"

"वसंतातील पहिल्या चहातून. पहिला चहा आम्ही प्राशन करून मगच विकतो. माझ्या आजेसासूंच्या काळी असा चहा झाला होता. ज्यांनी तो घेतला नाही, ते खालीच राहिले. त्यांच्याबाबत पुढील माहिती उपलब्ध नाही."

माझ्या मुलीला सांगितलं नाहीत का, टिपणिसांनी विचारलं.

"आपल्या कन्येस सांगण्यात आले. त्या हसल्या. मग त्यांना मानाचा पहिला कप देण्यात आला. त्यांनी तो थुंकला. कळविण्याचा याहून वेगळा मार्ग आमच्याकडे नाही."

कादंबरीबाईंना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी हात छातीशी नेला; टिपणिसांना वाटलं, समजलं. पण त्या म्हणाल्या की ही गोष्ट डब्यावर छापायला हवी. लोकांना वर चढावंसं वाटलं तर वाईट काय, वजनं उतरतील. टिपणिसांनी सही परत मागितली. हरकत नाही, त्या गोड आवाजात म्हणाल्या, जिव्हायंत्राचीही सही झाली आहे आणि ती पुरते.

ते घरी आले तेव्हा त्यांची बायको शुभदा वरणाला फोडणी देत होती. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. शुभदानं गॅस बारीक केला, भिंतीवरचा पडदा चालू केला आणि लेकीला फोन लावून दिला. पडद्यावर ईशानी आली, मागे खिडकीतून पत्र्याची शेड, आणि तिच्यामागे डोंगराची संध्याकाळ.

ईशानीनं बापाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हीच वाईट खूण होती. पटत नसलं की ती शांतपणे ऐकते. मग तिनं सांगितलं की उतारावर तिनं स्वतः संवेदक पुरले आहेत, जमीन तसूभरही हललेली नाही. चहात काहीतरी उत्तेजक आहे, माणसं बेचैन होतात आणि मग बेचैनीला कारण शोधतात. उद्या सकाळी पाला उलटायचा आहे, ती तो टाकून जाणार नाही.

"लुओआजींनी कप दिला तेव्हा तू तो थुंकून टाकलास?" टिपणिसांनी विचारलं.

"बाबा, तूच शिकवलंस ना थुंकायला."

लहानपणी ही पोर स्टुलावर उभी राहून पितळी भांड्यात नेम धरायची, आणि नेम लागला की टिपणीस शाबासकी द्यायचे.

"बरं, मग एक कप गीळ," ते म्हणाले. "माझ्यासाठी. मीही पितो."

ईशानीनं डोळे फिरवले, पण चहा भिजवायची झाकणाची वाटी पुढे ओढली. टिपणिसांनी खिशातली नमुन्याची पुडी सोडली. दोघांनी बरोबरच पाणी ठेवलं. उकळी फुटायच्या जरा आधी उतरव, त्यांनी सवयीनं सांगितलं; माहितेय, ती म्हणाली. लांब, पिळदार पानं आणि सोनेरी कोंब वाटीत पडले, पाण्यानं हळूहळू सुटे झाले, आणि बाणेरच्या स्वयंपाकघरात फोडणीच्या वासातून रताळ्याचा वास वर आला. टिपणिसांनी कप तोंडाला लावला. तोंड सवयीनं भांडं शोधायला लागलं. त्यांनी डोळे मिटले आणि गिळला.

गोडवा घशातून खाली गेला. नुसता ऊन, साधा. ते वाट पाहू लागले. थोड्या वेळानं पायांच्या तळव्यांत काहीतरी जागं झालं, उठावं, निघावं, वर जावं असं. पण ते तर दुपारपासूनच होत होतं, चहाचा थेंब पोटात नसताना. ही अस्वस्थता झाडाची की बापाची? जिव्हायंत्राला विचारलं असतं तर त्यानं म्हटलं असतं: अज्ञात, भरपूर.

आणि समजा झाडाचीच असेल. त्यानं मुळं घट्ट धरून जी हाक मारली ती डोंगराखाली झोपणाऱ्यांसाठी होती. ती डब्यात भरून समुद्रापार आली, आणि उद्यापासून गावोगाव माणसं खुर्चीतून उठून गच्च्यांवर जातील, कुणाचा निरोप आपण प्यायलो हे न कळता. त्यातल्या कुणाच्या घरामागे खरोखरच एखादा डोंगर असेल, तर तो निरोप चुकीच्या पत्त्यावर आला असं तरी कसं म्हणायचं?

पडद्यावर ईशानीनं कप रिकामा केला होता. "बघ," ती म्हणाली, "काही नाही." पाला किती ओला आहे ते ती सांगू लागली. मध्येच थांबली. पुन्हा सांगू लागली. मग तिनं पायाखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. या क्षणी बापाचा एक शब्द जास्त झाला असता, तर ती हट्टानं बसून राहिली असती.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ईशानी उभी होती, आणि आपण का उभे आहोत हे तिच्या चेहऱ्याला अजून कळलेलं नव्हतं. तिनं दाराकडे पाहिलं, दारातून दिसणाऱ्या कड्याकडे, जिथं गावाचे दिवे एकेक करून लागत होते.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "समजा, मी गेले आणि काहीच झालं नाही तर?"

टिपणिसांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या खांद्यावरून शुभदाच आधी बोलली.

"उठलीच आहेस, तर तेवढा स्वेटर घालशील का? वर गार असेल."