बशी कशाने वाजली?

दारांवरच्या पाट्या बदलल्या होत्या, तिचा काही दोष नव्हता. प्रकाशाची प्रयोगशाळा समजून तिने जे दार ढकललं, त्यामागे भूकंपवाला चहात बिस्किट बुडवत बसला होता. तिला बघून तो असा दचकला की बिस्किट चहातच राहिलं.

"प्रकाशाची तीव्रता इथे मिळेल का?"

"प्रकाशाची नाही… भूकंपाची आहे. चालेल?"

ती विद्यापीठाच्या परिभाषाकोशात कामाला होती, आणि 'तीव्रता' या एका शब्दाने तिला मेटाकुटीला आणलं होतं. सगळ्या विभागांना चालेल अशी एकच व्याख्या हवी होती, आणि जो तो वेगळंच सांगत होता. आवाजवाले म्हणाले, इतक्या जागेतून इतक्या वेळात किती ऊर्जा जाते ते मोजा. मानसशास्त्राच्या बाईंनी उलट तिलाच विचारलं, "राग आला की तुम्हाला कुठे जाणवतो?" घरी ताई नर्स. ती म्हणाली, "आम्ही विचारतो, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? पेशंट सांगेल तो आकडा. त्यावर वाद घालायचा नाही."

भूकंपवाल्याचं आणखीनच भलतं. "एकूण ऊर्जा किती सुटली, तो आकडा एकच. तीव्रता मात्र गावागणिक वेगळी. लोकांनाच विचारायचं… झोपमोड झाली का? भांडी वाजली का?"

"आणि लांबच्या लोकांना?"

"लांब गेलं की कमी होत जाते," तो म्हणाला, आणि उगाचच खिडकीबाहेर बघत राहिला.

शंका विचारायला ती पुन्हा गेली. मग शंका नसतानाही गेली. हादरा बसला तर टेबलाखाली कसं शिरायचं, हे त्याने तिला अगदी गंभीरपणे शिकवलं. ती बाहेर आली तेव्हा केसांत धूळ होती. ती झटकायला त्याने हात पुढे केला, आणि मध्येच थांबवला. धूळ गेली, पण तो थांबलेला हात काही तिच्या डोक्यातून जाईना. हे प्रेम म्हणावं, की नुसती सवय? की कोशाच्या कामाने डोकं फिरलं? तिला काही म्हणजे काही कळेना.

आणि आज तो म्हणाला, "लांबच्या वेधशाळेत बोलावलंय. तीन वर्षं. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय."

"अरे वा! अभिनंदन!" ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने.

"मग… जाऊ?"

"मी कोण सांगणार?"

तेवढ्यात कपाखालची बशी खडखडली.

"भूकंप!" म्हणत ती शिकवल्याबरहुकूम टेबलाखाली शिरली. तो मात्र जागचा हलला नाही.

"यंत्रावर तर काहीच नाही," वरून आवाज आला.

यंत्रावर कसं असेल? खाली, अगदी तिच्या नाकासमोर, त्याचा उजवा गुडघा टेबलाच्या पायावर टकटक आपटत होता.

"अहो… तुमचा गुडघा!"

मग त्याचं डोकं खाली आलं, कानापर्यंत लाल झालेलं.

"तुम्ही आलात की होतं असं. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल."

"कसं येणार? मी दरवेळी तुमच्या तोंडाकडे बघत होते!"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. तो हसला नाही.

"मग… तुम्हाला काही जाणवतं का?"

तिने जमवलेल्या सगळ्या व्याख्या आठवून पाहिल्या. एकही उपयोगाची नव्हती. आठवली ती ताई.

"आकडा सांगते. वाद घालायचा नाही."

"नाही घालणार."

"दहा."

"दहा म्हणजे… फार दुखतं ना?"

"तुम्ही जाणार म्हणालात तेव्हापासून," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "जाऊ नका."

तो खुर्ची सोडून तिच्याशेजारी फरशीवर येऊन बसला. त्या दिवशी अर्धं राहिलेलं काम त्याने पुरं केलं… तिच्या केसांतली धूळ झटकली.

"नाही जात," तो म्हणाला. "कळवतो त्यांना. फक्त जरा थांब… गुडघा अजून उभं राहू देत नाहीये."