अडवलेला निरोप

काम तसं अर्ध्या तासाचं. इस्पितळाच्या तळघरातला जुना डबा काढायचा, नवा बसवायचा, सही घ्यायची की झालं. असली कामं धाकटी डोळे मिटून करायची. पण ह्या कामासाठी तिनं आपल्या साहेबाचं डोकं खाल्लं होतं, आणि आता भर दुपारी त्या डब्यासमोर बसल्यावर तिला स्क्रूड्रायव्हरसुद्धा धड धरवत नव्हता.

डबा म्हणजे इस्पितळात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक निरोपाचा राखणदार. नुसता पत्ता बघून निरोप पुढे ढकलणारी यंत्रं पुष्कळ असतात. हा पठ्ठ्या पाकीट फोडून आतलं अक्षर न् अक्षर वाचायचा. मजकुरात कुणाच्या मरणाचा शब्द दिसला की तो निरोप अडवायचा. मग माणसानं तो उघडून वाचायचा आणि 'घरच्यांना कळवलं का?' ह्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं तरच निरोप पुढे. आपल्या माणसाचं मरण कुणाला भलत्याच पत्रातून कळू नये, म्हणून ही शिस्त. ती बसवली होती तिच्या दादानं. तो इथेच नोकरीला होता, डबा त्याच्याच ताब्यात असायचा.

आणि त्याच दादाला तिनं भांडणाच्या भरात लिहिलं होतं, "आईकडे फिरकू नकोस. तू आम्हाला मेलास." फोन उचलेना, म्हणून इथल्या पत्त्यावर पाठवलं. त्याच संध्याकाळी ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं, तो जागीच गेला. ते वाचून निघाला होता का तो? चार महिने हा एकच प्रश्न तिला खात होता. आईला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिचं हृदय नाजूक, म्हणून धाकटीनंच थाप मारली होती, दादाची लांब बदली झाली.

"ताई, बाहेरच्या सगळ्या वायरी काढल्या बरं का," इस्पितळाचे वायरमन काका म्हणाले. "आता ह्यात मुंगी शिरायची नाही."

तिनं डब्याची नोंदवही पडद्यावर उघडली. तो दिवस. चार वाजून दहा मिनिटं. तिचा निरोप. अडवला.

अडवला! म्हणजे दादानं वाचलाच नाही. धाकटीला रडू फुटलं.

"काय झालं हो?"

"काही नाही काका. जीव भांड्यात पडला."

मग तिनं खालची ओळ वाचली. अपघातानंतर सतरा दिवसांनी, दुपारी तीन वीसला, निरोप कुणीतरी उघडला होता. वाचणाऱ्याच्या जागी दादाचं नाव. घरच्यांना कळवलं का? नाही.

"काका... दादाचा पासवर्ड कुणाकडे होता?"

"कुणाकडे असणार? ते गेले त्याच दिवशी बंद केला. माझ्यासमोर."

त्याखाली तशीच ओळ, दुसऱ्या दिवसाची. मग तिसऱ्या. रोज तीन वीस. रोज उत्तर तेच, 'नाही'. डब्याचा पंखा घरघरत होता, तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरला होता. काका वाकून वाचत होते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

"ताई... मी वर थांबतो."

ते गेले. तीन वीस झाले, आणि तिच्या डोळ्यांदेखत आजची ओळ उमटली. तारीख, वेळ, दादाचं नाव. प्रश्नही आला. पण उत्तराची जागा कोरीच राहिली. एक मिनिट... दोन...

धाकटीला घाम फुटला. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली तिला. तिनं घरी फोन लावला.

"आई, ऐक. दादा गेला गं. चार महिने झाले. मी तुझ्याशी खोटं बोलले."



"मग रोज दुपारी फोन करून, 'धाकटीनं सांगितलं का?' असं विचारतं कोण?" आई हळूच म्हणाली. "आत्तासुद्धा त्याच्याशीच बोलत होते गं. तुझा फोन आला म्हणून त्याला जरा थांब म्हटलंय."