ताईचा डावा डोळा

मी डोळे तपासते. वीस वर्षं रोज तेच: खालची ओळ वाचा, आता बरं दिसतंय की मघाशी? भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि 'मला सगळं स्पष्ट दिसतं' म्हणणाऱ्यांवर तर त्याहून नाही.

माझ्या ताईचा डावा डोळा दहा वर्षांपूर्वी गेला. लहानपणापासून मायनसचा मोठा नंबर. डोळा लांबत गेला, आतला पडदा ताणून ताणून पातळ झाला आणि एका सकाळी सुटला. ऑपरेशन केलं, उपयोग शून्य. त्या डोळ्याला आता उजेडही कळत नाही. म्हणून अकराव्या वर्षीच तिच्या मुलीचा, माझ्या भाचीचा, नंबर मायनस पाचवर गेला, तेव्हा मी दोघींना लगेच बोलावून घेतलं.

"हिचंही माझ्यासारखंच होणार का गं?" ताईने विचारलं.

मी भाचीला डोळ्यात घालायच्या खास लेन्स दिल्या. साध्या चष्म्याने समोरचं चित्र नेमकं पडद्यावर पडतं, पण कडेचं पडद्याच्या मागे, आणि वेडा डोळा त्याला गाठायला मागे मागे वाढत राहतो. या लेन्स कडेचं चित्र पडद्याच्या पुढे आणतात. बऱ्याच मुलांची वाढ त्याने मंदावते. सगळ्यांची नाही, हेही मी ताईला सांगितलं.

भाची डोळ्याजवळ बोट न्यायला घाबरायची. मग रोज सकाळी ताईच तिला लेन्स घालू लागली, एका डोळ्याने बघून, बोटाच्या अंदाजाने. माझाही हात इतका हलका नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताईचा फोन आला. "डाव्या डोळ्यात काहीतरी हलतंय."

"मेंदूचे खेळ असतात ते. चहा पी आणि पड जरा."

मग एका दुपारी म्हणाली, "आत्ता मला फळा दिसला. वर अपूर्णांक."

"तुला गणित कधी दिसलंय?" मी चिडवलं.

ती हसली नाही. "सात छेद बारा," एवढंच म्हणाली.

भाची तेव्हा शाळेत होती. संध्याकाळी मी सहज म्हणून तिची वही चाळली. तारीख त्याच दिवसाची, पहिलंच उदाहरण: सात छेद बारा. योगायोग, असं म्हणून मी वही मिटली. खरं सांगायचं तर जरा घाईनेच मिटली.

सहा महिन्यांनी ताई भाचीला तपासणीला घेऊन आली. डोळ्याची लांबी मी एरवी तीनदा मोजते. त्या दिवशी सहादा मोजली. दोन्ही डोळे होते तिथेच थांबलेले, पडदा कडेपर्यंत धडधाकट. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"लेन्स बंद नाही ना करायच्या?" ताईने विचारलं. ती घाबरली होती, आणि फक्त मुलीसाठी नाही.

"छे. चालू ठेवायच्या. ये, आता तुझाही बघते."

दोघींना एकाच बाकावर शेजारी बसवलं. ताईला उजवा डोळा तळहाताने घट्ट झाकायला लावला. डाव्यावर टॉर्च धरला. बाहुली हलली नाही. दहा वर्षांत कधीच हलली नव्हती.

मला हायसं वाटलं.

टॉर्च तसाच भाचीच्या डाव्या डोळ्यावर नेला. तिची बाहुली आकसली.

शेजारी ताईचीही आकसली.

मी टॉर्च बंद केला. दोन्ही बाहुल्या मोठ्या झाल्या. पुन्हा भाचीच्या डोळ्यावर लावला.

"अगं, जरा बाजूला धर," ताई म्हणाली. "डोळ्यावर येतोय."