एका खुर्चीचं घर

बेल वाजली तेव्हा योगराज खुर्ची पुसत होता. घरात एकच होती, म्हणून तिलाच दुसऱ्यांदा पुसत होता. स्पीकर ऐकायला कुणी लोटू पाटील नावाचे गृहस्थ यायचे होते. दार उघडलं, तर म्हातारा होता खरा. पण त्याच्या आधी आत आली ती एक मुलगी. हिरवी ओढणी, हातात स्टीलचा डबा, आणि क्षणात सगळं घर बघून घेणारे डोळे.

"खुर्ची खरंच एकच आहे की!" ती म्हणाली.

योगराजचे कान तापले. स्पीकर विकायचे म्हणून त्याने मोबाइलवर जाहिरात टाकली होती. पण जाहिरात काही जमेना, तेव्हा अनुभवच लिहून टाकला होता — ‘वर्षभर वापरले. आवाज समोर फेकत नाहीत, चारी बाजूंना पसरवतात. खोलीत कुठेही बसा, स्वयंपाकघरात जा, सारखंच ऐकू येतं. वाजवणारा नेमका कुठे बसलाय ते बोटाने दाखवता येत नाही, पण तो घरातच आहे असं वाटतं. दोष एकच. हे माणसांच्या घरासाठी आहेत. माझ्याकडे खुर्ची एकच आहे.’

"दुसरी खुर्ची घेतली असती, तर स्वस्तात सुटला असतात," ती म्हणाली. "मी हर्षदा. हे माझे वडील, आबा. त्यांच्या फोनवरून मेसेज मीच करत होते."

"मला वाटलं... म्हणजे..."

"म्हाताऱ्याला भारीच टायपिंग येतं, असं?"

लोटूआबा तोवर स्पीकरभोवती फेरी मारत होते. कमरेएवढे दोन गोल खांब, डोक्यावर जाळी. "हाई काय शे, भाऊ? पानीनं फिल्टर?"

आबांचं उभं आयुष्य डिंडोलीतल्या घरातून पॉवरलूमच्या कारखान्यात जाण्या-येण्यात गेलं होतं. उजवा कान लूमच्या खडखडाटानेच खाल्ला होता, डावा अर्धामुर्धा उरला होता. घरी टीव्हीकडे डावा कान केला, की तोंड भिंतीकडे व्हायचं. योगराजने सनई लावली. आबा स्वयंपाकघरात गेले, बाल्कनीच्या दारात उभे राहिले. "आठेबी आवाज येस! तठेबी येस!" मग ते त्या एकुलत्या खुर्चीत बसले. मान न वळवता. सरळ मुलीकडे तोंड करून. आणि हळूच टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

हर्षदा स्पीकरच्या मागे जाऊन बसली. "आणि इथे?"

"मागची बाजू अशी नसतेच याला."

"बरं आहे. म्हणजे रुसून पाठ फिरवली तरी ऐकावंच लागेल."

‘आवडले ना? मग न्या,’ एवढंच म्हणायचं होतं. योगराज म्हणाला, "एकदा ऐकून ठरवू नये... पुढच्या रविवारी या ना."

मग सगळी थंडी ते रविवारी येत राहिले. डब्यात कधी पोंक असायचा, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, वरून लिंबू पिळलेला, शेवेची पुडी वेगळी. हर्षदा रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या ऑर्डरी घ्यायची. आठवडाभर फोनवर गुजराती-हिंदीत बोलून आलेली, इथे चटईवर बसून मनसोक्त मराठीत टोमणे मारायची. मध्येच गंमत व्हायची. सनई चढली, की बापलेकीचे ओठ हलायचे, भुवया उडायच्या, दोघं हसायची. योगराजला शब्दही ऐकू यायचा नाही. त्याला वाटायचं, हळू बोलत असतील. आपल्याच घरात आपण दाराबाहेर उभे आहोत...

"काय चाललंय तुमचं?"

"घरचं आहे. तुम्हाला काय करायचंय?"

सोमवारी तो सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जायचा, कॉम्प्युटरवर साड्यांच्या काठाची फुलं काढायचा. संध्याकाळी घरी येऊन पहिला शब्द बोलायचा तो उतू जाणाऱ्या दुधाशी — "थांब." रात्री स्पीकर मोठ्याने लावून तो त्या आवाजाखाली स्वतःशी पुटपुटायचा. तिथे आपलं आपल्यालाही ऐकू येत नाही, म्हणून तिथे तो धीट असायचा. हर्षदाशी सगळं बोलणं त्याने तिथेच केलं होतं.

एका रविवारी ती डब्याशिवाय आली. "पोंक संपला, थंडी संपली, तुमच्या सबबी संपल्या. खाली टेम्पो उभा आहे."

योगराजने खोकी काढली. एकदा स्पीकर गेले, की या घराची बेल वाजायचं कारणच उरणार नव्हतं. "आबांना शेवटचं एकदा ऐकवतो," तो म्हणाला, आणि आवाज पार वर नेला. खिडकीला पाठ लावून उभा राहिला. समोर खुर्चीत आबा, चटईवर रिकाम्या खोक्याच्या तळाला टेप लावणारी ती. त्याचे ओठ सवयीने हलले — नेऊ नका. किंवा न्या, पण येत राहा. मला आवडता हो तुम्ही, हर्षदा.

आबांनी हात वर केला. "बंद कर रे भाऊ."

घर एकदम गप्प झालं.

"पोरी, हाऊ काय म्हनस, तू देखं का?"

हर्षदाने खोक्यावरून नजर उचलली नाही. "देखं, आबा."

"पण मी तर... मनातल्या मनात..."

"मनात नाही, ओठात," ती म्हणाली. तिच्या गालांवर लाली चढली होती. "लूमवर कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठ बघूनच बोलतात. लहानपणी आबांचा डबा घेऊन जायचे, तिथेच मी शिकले."

"म्हणजे तुम्ही दोघं इतके दिवस..."

"तुमच्याबद्दलच बोलत होतो. तुमच्यासमोर."

"काय?"

"शिका, म्हणजे कळेल."

आबा टोपी घालून उठले. "एकच न्हेऊ. दुसरा ऱ्हाऊ दे आठे."

"जोडी आहे, आबा," योगराज म्हणाला. "एकट्याने मजा नाही येत."

"माले ठाऊक शे," आबा म्हणाले, आणि त्यांनी मुलीकडे पाहिलं, की योगराजकडे, ते काही कळलं नाही.

तिने एक खांब खोक्यात भरला आणि खोकं उचललं. दारात योगराजने कसंबसं विचारलं, "आणि... तुमचं उत्तर?" ती जिना उतरून गेली.

तो बाल्कनीत धावला. खाली टेम्पो धडधडत होता, मागून रिक्षांचे हॉर्न. चढता चढता तिने वर पाहिलं. तिचे ओठ हलले. मिटले, उघडले... पुन्हा मिटले, उघडले. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला.

आत एक खुर्ची होती, एक खांब होता, आणि दुसऱ्या खांबाच्या जागी धुळीत उमटलेलं गोल वर्तुळ. तो खिडकीच्या काचेसमोर उभा राहिला. ओठ मिटले, उघडले. काही कळेना. पुन्हा केलं. पुन्हा. मग त्याच हालचालीत जरासा आवाज घातला.

"मलापण."