सिंदुल्फो नावाचे दोघे

फुएंतेलास्त्रा गावात बाळाचं नाव आईबाप ठरवत नसत, कॅलेंडर ठरवत असे. मूल ज्या दिवशी जन्मेल त्या दिवशीच्या संताचं नाव त्याला, मग ते उच्चारताना पाद्र्याच्या जिभेला गाठ पडली तरी चालेल. त्यामुळे स्पेनमधल्या बुर्गोसच्या डोंगरातल्या या एवढ्याशा गावात भलभलत्या नावांची माणसं सुखाने नांदत होती. घंटा वाजवणारा फिलादेल्फो होता, पाव भाजणारी बुर्गुंदोफोरा होती, आणि कासिल्दाच्या आत्याचं नाव एउत्रोपिया होतं. बाहेरून आलेला मास्तर पहिल्या दिवशी हजेरी घेताना घामाघूम व्हायचा आणि अख्खा वर्ग खाली मान घालून हसायचा.

कासिल्दाच्या वाट्याला त्या मानाने बरं नाव आलं होतं. ती शिकली, बुर्गोसच्या दफ्तरखान्यात नोकरीला लागली आणि जुन्या नावांचा अभ्यास करू लागली. त्यातही तिच्या मनात भरलं ते आजोबांचं नाव, सिंदुल्फो. शेकडो वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेल्या गॉथ लोकांच्या बोलीतलं ते. त्यातला एक तुकडा वाटेचा, दुसरा लांडग्याचा. तिने एकदा जिल्ह्याचं टेलिफोनचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं, तेव्हा त्यात एकच सिंदुल्फो सापडला. त्याच्यापुढे आजोबांच्याच घरचा नंबर होता.

गावच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळताना तिला आणखी एक गोष्ट दिसली. हे एकच नाव कॅलेंडरला जुमानत नव्हतं. तीनशे वर्षांत अकरा सिंदुल्फो झाले, पण संताच्या दिवशी, म्हणजे वीस ऑक्टोबरला, त्यातला एकही जन्मला नव्हता. आधीच्या सिंदुल्फोला पुरल्यावर गावात जो पहिला मुलगा जन्मेल त्याला ते नाव मिळे. गावात एका वेळी चार-चार फिलादेल्फो होऊन गेले होते. सिंदुल्फो मात्र कधीही दोन झाले नाहीत. म्हाताऱ्याचा मान राखायची रीत असेल, असं कासिल्दाने वहीत टिपून ठेवलं.

मग एक्क्याण्णव सालच्या जूनमध्ये तिला मुलगा झाला. त्या दिवशीच्या संताचं नाव तिला आवडलं नाही. तिने शहरातल्या नोंदणी कचेरीत जाऊन हौसेने ‘सिंदुल्फो’ लिहिलं. नवरा अन्सेल्मो कपाळावर हात मारत म्हणाला, “शाळेत मार खाईल गं बिचारा!”

आजोबांना तिने हे फोनवर सांगितलं.

“पोरी,” ते म्हणाले, “मी गेलो असं कुठे लिहिलंय का?”

“काहीतरीच काय आजोबा! तुमच्यावरच्या मायेनं ठेवलंय.”

“ते कळतंय गं मला,” आजोबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

नोव्हेंबरमध्ये पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन ती महिनाभरासाठी गावी आली. नवरा दर रविवारी येणार होता. आजोबा अठ्ठ्याऐंशीचे, पण ताठ. सकाळी लाकडं फोडत, दुपारी कुत्र्याला घेऊन पाइनच्या रानात अळंबी शोधायला जात. घर आत्या सांभाळत होती. आत्या बाळाला न्हाऊमाखू घाले, मांडीवर घेऊन डुलवी, पण नावाने हाक मारत नसे.

“नाव घेतलंस तर जीभ झडेल का तुझी?” कासिल्दाने एकदा चिडवलं.

“माझ्या जिभेचं सोड. एका हाकेला दोघं उठतात, ते मला बरं वाटत नाही.”

ते खरंच होतं. कासिल्दाने बाळाला हाक मारली की अंगणातून आजोबा ओ देत. पहिल्या आठवड्यात सगळे त्यावर हसले. दुसऱ्या आठवड्यात ती माडीवर बाळाच्या कानाशी कुजबुजली, तरी खाली कुऱ्हाडीचा आवाज थांबला. आजोबा हल्ली दिवसाही झोपू लागले होते. पाव दुधात भिजवून मागत होते. एकदा शेकोटीपाशी त्यांनी आपला हात डोळ्यांसमोर धरला आणि बोटं हलवून कितीतरी वेळ पाहत बसले. त्याच वेळी पाळण्यातलं बाळ शांतपणे छताकडे बघत पडलं होतं. ते हल्ली रडतच नव्हतं. म्हातारपण आहे, बाळ गुणी आहे, असं कासिल्दा स्वतःला सांगत राहिली. रात्री मात्र तिला झोप लागत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी आजोबा जेवून रानात गेले. दोन वाजता धुकं उतरलं. तीनला समोरचं घर दिसेना. साडेतीनला कुत्रा एकटाच परत आला आणि दाराशी पडून राहिला.

धुक्यात माणूस हरवलं तर फुएंतेलास्त्रात काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. फिलादेल्फो घंटा वाजवतो, मग मनोऱ्यावरून हरवलेल्याचं नाव तीनदा पुकारतो. माणूस हाकेच्या दिशेने चालत येतं. कासिल्दा बाळाला आत्याजवळ ठेवून चर्चकडे धावली. पंचवीस-तीस माणसं दाराशी जमली होती. घंटा वाजत होती, पण हाक काही येईना.

ती दगडी जिना चढून वर गेली. फिलादेल्फो दोर धरून उभा होता. सत्तरीचा माणूस, लहानपणी तिला खांद्यावर बसवून फिरवणारा.

“काका, हाक मारा ना! अंधार पडायच्या आत सापडायला हवेत ते.”

“तुझं पोर कुठाय?”

“घरी. आत्यापाशी.”

“त्याला आधी पुलापलीकडे ने. गावाच्या हद्दीबाहेर. मग मारतो.”

“या धुक्यात पाच महिन्यांचं लेकरू घेऊन पुलापर्यंत जाऊ? पाऊण तास लागेल काका. अंगावर साधा कोट आहे आजोबांच्या. गारठून मरतील!”

“मरतील,” फिलादेल्फो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “तो माझा दोस्त आहे, पोरी. पण दोन असताना ही हाक आजवर कुणी मारलेली नाही. कोण येईल आणि कसं येईल, मला ठाऊक नाही.”

कासिल्दाला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. आईबापांमागे ज्या माणसाने तिला वाढवलं तो तिकडे रानात कुडकुडत होता आणि इथे नावांवरून वाद चालला होता. तिने फिलादेल्फोला बाजूला सारलं आणि कठड्यावर वाकली. खाली काहीच नव्हतं, नुसता पांढरेपणा.

“सिंदुल्फोऽऽ!”

काही नाही. घंटेचा घुमारा तेवढा हवेत उरला होता.

“सिंदुल्फोऽऽ!”

या वेळी आवाज आला. पण रानाकडून नाही, गावातून. तिच्या घराच्या बाजूने बाळ एकदाच मोठ्याने रडलं आणि मध्येच थांबलं.

फिलादेल्फोने तिचा दंड धरला. “बास. आता बास कर.”

तिने मागे पाहिलं. पाय घराकडे ओढत होते. पण दोन हाका मारून थांबलं तर माणूस अर्ध्या वाटेवर राहतं, हेही तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

तिने तिसरी हाक मारली.

“येतो,” धुक्यातून आजोबा म्हणाले. अगदी जवळून.

खाली लोकांनी त्यांना धरलं, तेव्हा कुणी आनंदाने ओरडलं नाही. कासिल्दा धडपडत खाली आली. आजोबा ओलेचिंब होते, बाकी कुठे खरचटलंही नव्हतं. तिने त्यांना मिठी मारली आणि हुंदके देऊन रडली. मग त्यांचा हात धरून घरी निघाली. ते अडखळत चालत होते. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी थांबत होते.

आत्या शेकोटीपाशी उभी होती.

“बाळ?”

“वर आहे. एकदा रडलं, मग गप्प झालं. जागं आहे,” आत्या म्हणाली. ती आजोबांकडे बघत नव्हती.

कासिल्दाने त्यांना खुर्चीत बसवलं, बूट काढले, पाय पुसले.

“आजोबा, कुठे होतात?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मोठे, स्वच्छ डोळे. हनुवटी थरथरली, तोंड उघडलं आणि ते रडू लागले. शब्द नव्हते, नुसतं रडणं, श्वास संपेपर्यंत एका सुरात, मग पुन्हा.

कासिल्दाला पान्हा फुटला. पोलक्याची पुढची बाजू भिजली.

ती उठली. एकेक पायरी चढत माडीवर गेली.

बाळ पाळण्यात जागं होतं. दुपारपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. तिने त्याला उचललं, पलंगावर बसली, बटणं काढली आणि त्याला छातीशी धरलं.

“घे रे राजा. घे ना.”

बाळाने ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे फिरवली. मग, तिच्याकडे न बघता, इवल्याशा हाताने तिची शाल ओढून तिच्या उघड्या छातीवर नीट घातली.