आतल्या बाजूचा लाल टाका

*पुरुषांचा स्वेटर, तपकिरी, शुद्ध लोकर. माप मोठं. फार वापरलेला नाही. दोष: नाही.*

अशा ओळी मी नऊ वर्षं लिहितोय. लोक घर बदलतात, घरातलं कुणी जातं, मुलं मोठी होतात, आणि मग रविवारी सकाळी फाटकासमोर टेबल मांडून नकोसं झालेलं सगळं विकायला काढतात. मी उजाडता उजाडता तिथं पोचतो. ढिगात हात घालतो, कापड बोटांनी ओळखतो, घासाघीस करतो, घरी आणून फोटो काढतो आणि पुन्हा विकतो. कोट, स्वेटर, शाली. आठवड्याच्या मधल्या दिवसांत जुन्या वस्तूंच्या दुकानात चक्कर असते. लोकांनी देऊन टाकलेलं सामान तिथं विकतात आणि पैसे कुठल्याशा दवाखान्याला जातात.

'दोष' ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. गिऱ्हाईक आधी तीच वाचतं.

माझा माल स्वस्तात यायचा, कारण तो फाटका असायचा. आणि चांगल्या भावाला जायचा, कारण तो आमच्या हिच्या हातून गेलेला असायचा. कसरीनं खाल्लेली भोकं, विरलेली कोपरं, किल्ल्यांनी फाटलेले खिसे. ही खिडकीशी बसायची, कापड उजेडाकडे धरायची आणि त्याच कापडातून, आतल्या शिवणीतून उपसलेल्या धाग्यानं रफू करायची. बाहेरून भिंग लावलं तरी दिसायचं नाही. रविवारी त्या टेबलांपाशी हमखास भेटणारा घड्याळवाला म्हणायचा, "वहिनींना विचारून बघ, माझ्या तोंडाचं काही होतंय का." ही म्हणायची, मूळ कापड बरं असलं तर होतं.

रफू संपलं की आतल्या बाजूला ती एक टाका घालायची. लाल दोऱ्याचा, तिरपा, तांदळाच्या दाण्याएवढा. कापड कुठल्याही रंगाचं असो.

"घेणाऱ्याला कळलं पाहिजे," ती म्हणायची, "इथं फाटलं होतं."

मग दोरा दातानं तोडायची. कात्री हाताशी असताना. मी म्हणायचो, अगं दात जातील. ती म्हणायची, गेले तर तेही रफू करीन.

तो लाल टाका मी काढून टाकत असे.

उजव्या खिशात छोटी कात्री. पार्सल बांधण्याआधी बोट आतल्या शिवणीवरून फिरवायचं, बोटाला बारीक उंचवटा लागला की पातं खाली घालायचं, टिक्. बघावंसुद्धा लागत नाही. फोनवर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, चहा घेता घेता मी ते करायचो. नऊ वर्षांत बोटांना इतकी सवय झाली होती की काम झाल्याचं मला नंतर कळायचं. लाल तुकडा केराच्या डब्यात. मग लिहायचो. दोष: नाही.

तिला हे कधी कळलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

*बायकांचा कोट, गडद हिरवा, लोकरी, चार बटणं. माप मधलं. स्थिती:*

ती औषधाच्या दुकानातल्या रांगेत पडली. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका टेबलाशी शालीवरून वाद घालत होतो.

इस्पितळात बटणं काढत बसायला कुणाला वेळ नसतो. ते कात्री लावतात. मनगटापासून खांद्यापर्यंत एक बाही, मग दुसरी, मग खालून वर सरळ गळ्यापर्यंत. नंतर एका पारदर्शक पिशवीत कपडे परत देतात. पिशवीवर कागद चिकटवलेला असतो आणि ती घेतल्याची सही करावी लागते. मी पिशवी एकदाच उघडली. त्या कडांइतकं सरळ कापलेलं कापड मी या धंद्यात पाहिलं नव्हतं. पिशवी बंद करून कपाटावर ठेवली.

*लहान मुलीचा स्वेटर, पिवळा. माप: सहा-सात वर्षं. उजव्या कोपरावर रफू. दोष*

ती गेल्यानंतर चार महिन्यांनी मी पुन्हा रविवारी बाहेर पडायला लागलो. घरात बसून काय करणार होतो?

हा स्वेटर एका दुमजली घरासमोर मिळाला. कोपरावर बोट फिरवलं. वरून काही नाही, आतून अगदी बारीक जाडी. चांगलं काम होतं. मी घरमालकिणीला भाव विचारत होतो, तेवढ्यात बोटाला उंचवटा लागला.

कात्री खिशातून बाहेर आली होती. पातं टाक्याखाली गेलं होतं. मग मला कळलं की मी काय करतोय, आणि मी हात थांबवला.

लाल. तिरपा. तांदळाच्या दाण्याएवढा.

मी मनाशी हिशेब मांडला. हिनं शेजारणींची कामं केली असतील, ओळखीत कुणाला दिली असतील, कपडे फिरत राहतात. मी काढायला विसरलो असा एखादा नग असेल. हे सगळं शक्य होतं. मी स्वेटर घेतला, घरी आणला आणि विकला नाही.

*शाळेचा निळा कोट, खिशावर चिन्ह. डाव्या खांद्यावर रफू.*

तीन आठवड्यांनी. या शाळेनं गणवेश बदलला होता तो यंदा. ही गेली तेव्हा असला निळा कोट कुणी शिवलेलाच नव्हता.

विकणाऱ्या बाई कोट घालणाऱ्या मुलाच्या आई होत्या. मी विचारलं, खांदा कुणाकडून करून घेतलात? त्यांनी कोट माझ्या हातातून घेतला आणि उलटसुलट केला. फाटलाच नव्हता कधी, म्हणाल्या. वर्षाच्या आत तोकडा झाला म्हणून काढलाय. मी त्यांना आतली बाजू दाखवली. त्यांनी कोट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, घ्यायचा असेल तर असाच घेऊन जा, पैसे नकोत.

*नवा सदरा, पांढरा, कारखान्याच्या पाकिटात. टाचण्या, पुठ्ठा, सगळं जागच्या जागी.*

जुन्या वस्तूंच्या दुकानातला. पाकीट काउंटरवर मीच फोडलं, दुकानातल्या बाईंच्या देखत. या बाई पूर्वी शाळेत होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणतात आणि त्याही सगळ्यांना वर्गात असल्यासारखं वागवतात.

छातीवर, डावीकडे, खिशाच्या मागे. लाल टाका. मी तो अंगठ्यानं चाचपला.

दोऱ्याचं टोक चपटं होतं, दातानं तोडल्यासारखं. आणि ओलं होतं.

बाईंनी विचारलं की सदऱ्यात काही खोट आहे का. मी नाही म्हणालो.

त्यानंतर मी नग लिहिणं सोडलं. टोपी. मांजराच्या टोपलीतली गोधडी. एकच हातमोजा. सगळं घेत गेलो, काहीच विकलं नाही. पुढच्या खोलीत चालायला वाट उरली नाही. टोकं कधी कोरडी असायची, कधी ओली. ओलं असेल त्या दिवशी मी ते बोटात धरून बसायचो, वाळेपर्यंत.

(घड्याळवाल्यानं मला विचारलं की हल्ली विकत काहीच कसं नाहीस, नुसता घेतोस. मी म्हटलं, भाव चढायची वाट बघतोय. तो हसला नाही.)

*लेक*

लेक दुसऱ्या शहरात असते. एका शनिवारी दुपारी आली आणि दारातच थांबली. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

ओरडली नाही. पिशवी बाहेर ठेवली, कपड्यांचे दोन ढीग उचलून पलंगावर टाकले, बसायला जागा केली आणि म्हणाली, "हे काय चाललंय, बाबा?"

मी तिला पिवळा स्वेटर दाखवला, निळा कोट दाखवला, सदरा पाकिटासकट दाखवला. ती म्हणाली की लाल दोरा कुणीही वापरतं. पुष्कळ शिंपी खूण करतात. मग तिनं गोधडी उलटली आणि तिचं बोट टाक्यावर थांबलं. तो त्या दिवसाचा होता, अजून ओला. तिनं बोट मागे घेतलं, ओढणीला पुसलं आणि बराच वेळ ओढणीकडे बघत राहिली.

तेव्हा मी तिला सांगितलं. नऊ वर्षं काय करत होतो ते. हिची खूण, माझी कात्री, दोष नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

लेक म्हणाली, "आईला माहीत होतं."

मी गोधडीची घडी घालायला लागलो.

"केराचा डबा कोण रिकामा करायचं घरात?" ती म्हणाली. "मी एकदा तिला म्हटलं, बाबाशी भांड की. तर म्हणाली, काढू दे त्याला. मी घालत राहीन."

स्वयंपाकघरात जाऊन तिनं चहा टाकला. तो उतू गेला, तरी आम्ही दोघांपैकी कुणी उठलं नाही.

जाताना तिचं लक्ष कपाटावरच्या पिशवीकडे गेलं. बाबा, ती तरी टाकून दे, म्हणाली.

*बायकांचा कोट, गडद हिरवा. तीन ठिकाणी कापलेला, पूर्ण लांबीत.*

सोमवारी मी पिशवी घेऊन दुकानात गेलो. टाकायला नव्हे.

बाईंनी कोट काउंटरवर पसरला. बाह्या पानांसारख्या उघडल्या. बाई म्हणाल्या, हे विकता यायचं नाही. असलं आम्ही चिंध्यांच्या पोत्यात टाकतो, आणि पोतं कारखान्यात जातं. मी म्हटलं, टाका पोत्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोटाच्या कडांकडे, आणि त्यांना कळलं. काही न विचारता त्यांनी त्याची घडी घातली, बाह्या आत दुमडून, अंगात असल्यासारख्या.

मला काय हवं होतं ते सांगतो. तिनं तो शिवावा. इतके सगळ्यांचे शिवले, हाही शिवावा, आणि शेवटी आतून आपला टाका घालावा. या वेळी मी तो काढणार नव्हतो. एवढंच. तो राहू देणार होतो आणि तिला ते कळणार होतं.

त्या दिवसापासून कुठेच लाल टाका मिळाला नाही. रविवारमागून रविवार मी शिवणी चाचपत फिरलो. सगळं फाटकं ते फाटकंच होतं. मला वाटलं, मोठं काम हातात घेतलं की ती दुसरं काही घ्यायची नाही. तिची पद्धतच ती.

घरातले ढीग मी हळूहळू आवरले. लेक फोनवर म्हणाली, आवाज बरा येतोय तुझा.

सहा आठवड्यांनी, बुधवारी सकाळी, कोट दुकानातल्या दांडीवर लटकत होता.

दोन्ही बाह्या अखंड. पुढची बाजू अखंड. चार बटणं. मी तो उजेडाकडे धरला. काही दिसलं नाही. तिरपा धरला, तरी काही नाही. तिचं सगळ्यात चांगलं काम होतं ते.

बाईंना विचारलं, हा कुठून आला. त्या म्हणाल्या, नवीन सामानात होता, आज सकाळीच लावला. मग ओळखून म्हणाल्या, "तसाच दिसतोय ना. तो तर गेला."

मी काउंटरवर कोट उलटा केला. अस्तर बाहेर. सावकाश, मनगटापासून सुरुवात केली. बोटाला आतली जाडी लागत होती, केसाएवढी, सरळ वर जाणारी. डावी बाही. उजवी. मग खालच्या काठापासून वर.

बाई विचारत होत्या, कागदात गुंडाळू की पिशवी आणलीय?

पिशवी आहे, मी म्हणालो.

लेक कशी आहे?

बरी आहे. येणार आहे पुढच्या महिन्यात.

बोट गळ्यापाशी पोचलं.

टिक्.

इतका लहान आवाज, की बाईंनाही ऐकू गेला नसावा. मी खाली पाहिलं. कात्री माझ्या उजव्या हातात होती. कॉलरच्या आत, शिवण संपते तिथं, सुईची दोन भोकं शेजारी शेजारी होती. त्यांत काहीच नव्हतं.

बाईंनी कोट माझ्यासमोर उचलून धरला, पुढून पाहिला, मागून पाहिला. "छान ठेवलाय हो कुणीतरी," त्या म्हणाल्या. "दोष म्हणून काही नाही."

काउंटरवर लाल तुकडा पडला होता. मी तो उचलून तळहातावर घेतला. एक टोक कात्रीनं सरळ कापलेलं होतं. दुसरं चपटं होतं, आणि ओलं.