पितळेची पिन

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाचे पाय धरणार नाही. मी फिटर माणूस. सगळं मोजून बघायची सवय. पण त्या रविवारी, भर दुपारी, मामाच्या वर्कशॉपमध्ये जे घडलं ते शब्द न् शब्द खरं आहे.

सुट्टी होती. आत फक्त मी आणि मामा.

मामाचा जुना लेथ, लोखंड फिरवून कापायचं यंत्र, अडला होता. चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, लोखंडी दांडा फिरायचा, सॅडल या सरकत्या बैठकीवरचं टूल त्याला कापत आपोआप पुढे सरकायचं... आणि चकच्या वीतभर आधी थांबायचं.

रोज. त्याच जागी.

दर वेळी फीडची, म्हणजे सॅडल आपोआप सरकवणाऱ्या जोडणीची, पितळेची पिन तुटलेली. ही पिन मुद्दाम मऊ ठेवतात. काही अडकलं की ती तुटते आणि मोठं नुकसान टळतं.

मी गिअर उघडले. अडकलेला लोखंडाचा कीस काढला. फीडचा रॉड वाकलाय का पाहिलं, तेल घातलं. सगळं ठणठणीत. नवी पिन टाकली, थांबायच्या जागी खडूने खूण केली आणि लेथ चालू केला.

कट्...

बरोबर खुणेवर.

"आबा इथंच फीड सोडायचे बघ," मामा म्हणाला.

आबा म्हणजे त्याचे टर्नर. तीस वर्षं याच लेथवर. गेल्या वर्षी वारले. तरुणपणी उजवा अंगठा या लेथने अर्धा नेला, तेव्हापासून शेवटची वीत ते हातानेच चाक फिरवून कापायचे.

"दुसरं कोणी चालवत असलं तरी मागून येऊन फीड सोडायचे. माझंसुद्धा! म्हणे मालक असशील तुझ्या घरी."

"मग आता आबांना म्हणावं, सुट्टी घ्या," मी हसलो.

जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

तीन पिना तुटल्यावर माझं डोकं फिरलं. मोडक्या ड्रिलचा पोलादी तुकडा मापाचा सापडला. तोच ठोकला.

"अरे, हा तुटणार नाही," मामा म्हणाला.

"तेच तर हवंय ना?"

टूल खुणेपाशी आलं. मशीन कण्हलं...

आणि पुढे गेलं.

"भाच्या, जिंकलास!" मामा खूश. त्या भरात चकखाली साठलेला कीस ओढायला त्याने हात घातला. बाही किसाच्या गुंत्यात अडकली.

सॅडल त्याच्या हातावर चालून येत होतं.

मी बटण बंद केलं. पण जड चक लगेच थांबत नाही, आणि ते फिरतं तोवर सॅडल सरकत राहतं. फीडचा लिव्हर ओढला. हलेना. मग सॅडलचं हाताने फिरवायचं चाक दोन्ही मुठींत धरून उलटं ओढू लागलो.

तेव्हा...

माझ्या मुठींवर मागून दोन हात आले.

थंड. तेलकट.

उजव्याचा अंगठा अर्धा होता.

ते हात माझ्याबरोबर चाक मागे ओढत होते, जिवाच्या आकांताने. माझ्या कानाशी कुणाला तरी धाप लागली होती. एवढ्या जोराने पितळ केव्हाच तुटलं असतं.

पोलाद तुटलं नाही.

मामा ओरडला. चक थांबलं. मुठींवरचे हात गळून पडल्यासारखे सुटले. मी मागे पाहिलं...

कोणी नव्हतं.

मामाची तीन बोटं गेली. तो म्हणतो, "तुझा काय दोष?" मामी माझ्यासमोर त्याच्या शर्टाची बटणं लावते. मला मान वर करवत नाही.

लेथमध्ये आता पुन्हा पितळेची पिन आहे. मीच बसवली. ती तुटत नाही. टूल खूण ओलांडून थेट चकपर्यंत जातं. लेथ सुधारला, असं सगळे म्हणतात.

दर रविवारी मी एकदा तरी तो चालू करतो. खुणेपाशी कान देऊन उभा राहतो. मनात म्हणतो, आबा, चुकलो... तोडा ना.

टूल पुढे निघून जातं.